आधीच फेडलेला नवस

नवस पुरा होण्याआधीच तो फेडून टाकणारा माणूस आमच्या सुआ-लून गावात चुआ सुई-तिक याच्यापूर्वी कोणी झाला नव्हता. मागणे मागावे, देवाने ते द्यावे आणि मग देवळासमोर पडदा उभारून देवाला चित्रपट दाखवावा, अशी येथली रीत आहे. कोणाची कालवांची शेती वादळातून वाचते, कोणाच्या पोटातली गाठ साधी निघते, कोणाच्या सुनेला दिवस जातात. मग तो माणूस ओंग-या देवाला एक-दोन संध्याकाळचे खेळ अर्पण करतो. पडद्याचे तोंड गाभाऱ्याकडे असते, कारण प्रेक्षक देव आहे. माणसे आली तर कडेला बसतात. ती आली नाहीत, पाऊस आला, तरी खेळ मध्येच थांबवता येत नाही. देवाला अर्धी गोष्ट सांगून उठणे हे मोठे औद्धत्य मानले जाते.

सुई-तिकने उभे आयुष्य हेच खेळ चालवण्यात घालवले होते. तेव्हा रीत त्याला ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही कालवांचा हंगाम सरत असताना एके दिवशी पडद्याशेजारी तांबडा कागद लागला आणि त्यावर देवळाच्या लेखनिकाने सुबक अक्षरांत लिहिले होते की, को किम-सुआ याला बरे केल्याबद्दल शिष्य चुआ सुई-तिक देवाचे आभार मानतो आणि तीन संध्याकाळचे खेळ अर्पण करतो. लेखनिकाने विचारले होते, "बरा झाला म्हणजे? बोलतो का आता?" सुई-तिकने नुसती होकाराची मान हलवली होती. किम-सुआ बरा झालेला नव्हता. तो कसा आहे, हेच सुई-तिकला माहीत नव्हते.

हे दोघे एकमेकांना कसे भेटले, ते आधी सांगितले पाहिजे.

तरुणपणी सुई-तिक मिठागरावर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो बंदराच्या गावातल्या चित्रपटगृहात जाई. त्या काळी बहुतेक चित्रपटांत एक शिंपी, नाही तर न्हावी, नाही तर नोकर असे. तो कमरेत लचके, हातरुमाल फडकवी, नायकाकडे पाहून लाजे आणि सारे प्रेक्षागृह खदखदून हसे. सुई-तिक सर्वांत मोठ्याने हसे. जो हसत नाही त्याच्याकडे लोक वळून पाहतात, हे तो फार लवकर शिकला होता. एकदा असाच हसता हसता त्याने डोळे पुसायला मान मागे वळवली, तेव्हा वर, यंत्राच्या खोलीच्या लहानशा झरोक्यात, एक चेहरा दिसला. सगळ्या इमारतीत तेवढा एकच चेहरा हसत नव्हता.

खेळ संपल्यावर सुई-तिक काडेपेटी मागण्याचे निमित्त काढून जिन्याशी उभा राहिला. यंत्र चालवणारा किम-सुआ खाली आला. त्याने काडी ओढून दिली आणि म्हणाला, "फार जोरात हसत होतास."

"सगळेच हसत होते," सुई-तिक म्हणाला.

"सगळ्यांचं सोड. तू खोटं हसत होतास. वरून सगळं दिसतं."

पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि ते चित्रपटगृह बंद पडले. तिथला प्रोजेक्टर आणि मोडीत निघालेली रिळे त्या दोघांनी घेतली, एक जुनी मालवाहू मोटार घेतली आणि देवळांपुढे खेळ करू लागले. किम-सुआचे तोवर आईच्या हट्टाने लग्न झाले होते. त्याची बायको बी-ग्योक समुद्रकाठच्या शेडमध्ये बसून कालवे फोडण्याचे काम करी. त्यांना एकच मुलगा झाला, चुन-मिंग. सुई-तिकने लग्न केले नाही. त्यांच्या घरामागे, जिथे यंत्र आणि रिळे ठेवलेली असत, त्या खोलीत तो राहू लागला. गाव दोघांना 'गाडीवाले' म्हणे आणि त्यापलीकडे काही म्हणत नसे. असे न म्हणण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरू शकत नाही.

खेळ करून परत येताना गाडीत दोघांचा एक उद्योग चाले. नुकताच दाखवलेला चित्रपट ते पुन्हा एकमेकांना सांगत, पण जसा त्यांना दिसला होता तसा. एका तलवारबाजीच्या चित्रपटात एक योद्धा जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडतो. तो प्रसंग आला की बायका बाहीने डोळे टिपत. किम-सुआ म्हणे, "पाणी बघ किती आहे. गुडघाभर. मी असतो तर चार ढांगांत पार झालो असतो. त्या गड्याला त्याला पाठीवरून उतरवायचंच नाहीये." दुसऱ्या एका रडव्या चित्रपटात कारखान्यातल्या खोलीत राहणाऱ्या दोघा मित्रांपैकी एकाचे लग्न होते आणि दुसरा मांडवात ताटे उचलत फिरतो. सारे गाव नायिकेसाठी रडले. सुई-तिकला मात्र नंतर कित्येक दिवस ती ताटे दिसत राहिली.

त्याला सर्वाधिक राग येई तो 'भाऊ' या शब्दाचा. प्रत्येक चित्रपटात असे दोघे सापडले की ते उदबत्त्या पेटवत, मद्यात रक्ताचा थेंब टाकून पीत आणि एकमेकांना भाऊ मानत. मग शेवटच्या रिळात एक मरे, किंवा कुठून तरी एखादी मुलगी येऊन दोघांपैकी धडधाकट असलेल्याला घेऊन जाई. सुई-तिक म्हणे, "भाऊ, भाऊ. लिहिणाऱ्याच्या जिभेला झालं होतं तरी काय? दुसऱ्या रिळात खरं बोलले असते तर कोणी मेलं नसतं."

"आणि ते रीळ ओंग-यांपुढे लावायला तुला कोणी दिलं असतं?" किम-सुआ हसून विचारी.

"कोणी तरी एकदा बोलायला हवं होतं."

"तू बोल ना मग."

त्यावर सुई-तिक खिडकीबाहेर बघे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. माणसाने कसे जगावे हे तो पडद्याकडे पाहूनच शिकला होता. आणि आपल्यासारख्या माणसाने म्हातारे कसे व्हावे, हे त्या शेकडो रिळांत कुठेच दाखवलेले नव्हते. रुमाल फडकवणारा म्हातारा होईपर्यंत चित्रपट टिकत नसे, आणि पाठीवरचा जखमी तर नदीपलीकडेच मरे. म्हणून केस पांढरे झाले, बी-ग्योक आजारपणात वारली, चुन-मिंग ताइनान शहरात नोकरीला लागला, तेव्हापासूनचा प्रत्येक दिवस सुई-तिकला चित्रपट संपल्यानंतरही यंत्र चालूच राहिल्यासारखा वाटे. वाटेल त्या क्षणी कोणी दिवे लावील, अशी त्याला धास्ती असे.

दोन पुरुषांना लग्नाची नोंद करता येईल असा कायदा झाला, त्या दिवशी दोघे रताळ्याची पेज खात बातम्या बघत होते. किम-सुआ म्हणाला, "पोराला आधी सांगू. नवीन वर्ष होऊन जाऊ दे." ते नवीन वर्ष झाले, पुढचेही झाले. मग थंडीतल्या एका सकाळी किम-सुआ अंगणातल्या कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगाशेजारी कोसळला. त्याचे डावे अंग गेले आणि वाचाही गेली. चुन-मिंग आला, वडिलांना शहरात घेऊन गेला आणि रुग्णालयातून थेट एका शुश्रूषागृहात ठेवले. कोणत्या, ते त्याने सांगितले नाही. ते रुग्णवाहिकेच्या चालकाकडून काढावे लागले.

सुई-तिक उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन बसने ताइनानला गेला. दाराशी बसलेल्या बाईने विचारले, "तुम्ही त्यांचे कोण?" तो म्हणाला, "आम्ही दोघं मिळून सिनेमे दाखवतो." बाई वाईट बोलली नाही. जवळच्या नातलगांनाच सोडायचे, असे मुलाने सांगून ठेवले आहे, एवढेच तिने सांगितले. शेंगाही घेता येणार नाहीत, कारण ते नळीवाटे जेवतात. नळीची गोष्ट सुई-तिकला अशी कळली. त्याने चुन-मिंगला फोन केले. पुष्कळ वेळा तो उचलला गेला नाही. एकदा उचलला, तेव्हा चुन-मिंग त्याला लहानपणापासून थोरल्या काकाला म्हणावे तसे 'तिक-पेक' म्हणे, तसेच म्हणाला आणि अत्यंत आदराने सांगितले की, बाबांना आता कोणाचीच ओळख पटत नाही, तुम्ही या वयात दगदग करू नका. इतक्या नम्रपणे लावलेल्या दारावर थाप तरी कशी मारावी, हे सुई-तिकला समजेना.

मग तो देवळात गेला.

कौल लावण्याच्या अर्धचंद्री लाकडी जोडीपैकी एक उताणी, एक पालथी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसला, असे म्हणतात; तो ना होकार, ना नकार. सुई-तिकने गुडघे टेकून आपले नाव-गाव सांगितले आणि मागणे सांगितले: माझ्या मित्राला एकदा डोळ्यांनी बघू दे, तीन संध्याकाळ खेळ करीन. देव हसला. त्याने पुन्हा कौल लावला. देव पुन्हा हसला.

देवळाची झाडलोट करणारी आ-मुई म्हातारी खांबाशी फुले निवडत होती. ती म्हणाली, "आ-तिक, देवाला अर्धवट सांगितलं की तो हसतो. माणूस तुझा कोण लागतो ते नीट सांग. त्याला काय, गावासारखं कळूनही न कळल्यासारखं करायचं नसतं."

 आयुष्यात तो शब्द सुई-तिकने उच्चारलेला नव्हता. अंधाऱ्या गाडीतसुद्धा नाही. तो कपाळ फरशीला लागेल इतका वाकला आणि जमिनीशीच बोलल्यासारखे म्हणाला, "तो माझा नवरा आहे. मी त्याचा आहे. कोणी लावून दिलं नाही. पण आहे."

मग त्याने कौल टाकला. दोन्ही तुकडे उताणे पडले.

तो तसाच बसून राहिला. खरे सांगितले म्हणजे गोष्ट बदलते, असे तो जन्मभर किम-सुआला सांगत आला होता. आ-मुईने फुले बाजूला ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली की, 'नाही' असं तर म्हणाले नाहीत ना. कधी कधी त्यांना आधीच ठाऊक असतं म्हणूनही हसतात. पण सुई-तिकचे तिकडे लक्ष नव्हते. वाट बघण्याइतके दिवस आपल्याजवळ नाहीत, हेच त्याच्या डोक्यात होते. देव जर घेतल्याशिवाय देत नसेल, तर आधी देऊन टाकावे आणि मग त्याला देणे भाग पडेल, असा हिशेब त्याने केला. गावात कोणत्याही शेंबड्या पोराने त्याला सांगितले असते की, ओंग-यांना असे कोंडीत धरता येत नाही. 'बघू दिल्याबद्दल' असे गावापुढे लिहवेना, म्हणून कागदावर त्याने 'बरे केल्याबद्दल' असे लिहवून घेतले.

पहिल्या संध्याकाळी त्याने नांदीचे छोटे रीळ लावले. त्यात भाग्य, पद आणि दीर्घायुष्य यांचे तीन देवपुरुष येऊन आशीर्वाद देतात. मग त्याने तो नदीचा चित्रपट लावला. जुन्या फितीचा निळा रंग आधी उडतो, मग बाकीचे फिकटतात. आता नदी, आकाश, माणसे सारे तांबडेच उरले होते. काम दोघांचे होते. एकाने नवे रीळ ओवायचे, दुसऱ्याने संपलेले रीळ चरखीवर उलटे गुंडाळायचे. गुंडाळणे कायम किम-सुआकडे असे. आता दर रिळानंतर पांढरा पडदा बराच वेळ तसाच राही आणि देवाला थांबावे लागे. प्लास्टिकच्या स्टुलांवर चार म्हातारे आले होते. त्यातला एक म्हणाला की, बाप बरा झाला आणि नवस गाडीवाला फेडतोय, पोरगा काय शहरात बटाटे सोलतोय का? बाकीचे हसले. त्यांच्यातल्याच कोणी तरी घरी जाऊन चुन-मिंगला अभिनंदनाचा फोन केला. सकाळपर्यंत आणखी कित्येकांनी केला.

दुसऱ्या संध्याकाळीही तोच चित्रपट होता, आणि नदी ओलांडणे चालू असताना चुन-मिंग आला. पन्नाशीचा, टापटीप कपड्यांतला माणूस. पण चपला गावातल्यासारख्या फरफटत आला.

"तिक-पेक, कुठे बरे झालेत ते? सकाळपासून गावाचे फोन. माझ्या साहेबांनी संत्र्यांची पेटी पाठवली घरी. मी काय सांगू त्यांना?"

"रीळ संपेपर्यंत थांब," सुई-तिक म्हणाला. "देव बघतायत."

चुन-मिंग वाढलेलाच याच देवापुढे, त्यामुळे त्याला थांबणे भाग पडले. तो स्टुलावर बसला. पडद्यावरचा योद्धा गुडघाभर पाण्यात सावकाश चालत होता. थोड्या वेळाने चुन-मिंग पडद्याकडे बघतच बोलू लागला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून तो ऐकणे अधिक कठीण होते.

"आई दिवसभर कालवं फोडायची. बोटं कापलेली असायची. तिला एक सिनेमा त्यांच्या शेजारी बसून बघायचा होता. एकच. त्यांच्या शेजारची जागा कायम तुमची."

"हो," सुई-तिक म्हणाला.

"हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे हो. जागा तिची होती. मी बसलो."

चुन-मिंगने बहुधा नाकारण्याची वाट पाहिली होती. मिळालेल्या कबुलीचे काय करावे, हे त्याला समजले नाही. सुई-तिक म्हणाला, "मला एकदा बघू दे त्याला. मग पुन्हा नाव काढणार नाही."

"बघून काय करणार? ते माणसात नाहीयेत. एक उजवा हात तेवढा हलतो. तो असा, असा फिरवत राहतात दिवसभर. नळी ओढतील म्हणून बांधून ठेवावा लागतो." यंत्राच्या उजेडात त्याने हवेत हात गोल फिरवून दाखवला.

तेवढ्यात रीळ संपले आणि पडदा पांढरा झाला. सुई-तिकने संपलेले रीळ काढले, चरखीवर चढवले आणि हाताने उलटे गुंडाळू लागला. त्याच्या मनगटाची गोल, सबुरीची चाल चालू होती. चुन-मिंगचा हात हवेतच राहिला. त्याने सुई-तिकच्या हाताकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे पाहिले आणि तो हळूच खाली घेतला.  रीळ पूर्ण गुंडाळून झाल्यावर चुन-मिंग उठला.

"उद्या सकाळी येतो न्यायला. एकदाच. आणि तिथे विचारलं तर भाऊ म्हणून सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मोटारीत सुई-तिक तो शब्द मनात घोळवत बसला होता. ज्या शब्दासाठी त्याने सगळ्या चित्रपटलेखकांना भेकड ठरवले होते, तो शब्द आता त्याच्या तोंडात होता, आणि तो जपून न्यायचा होता, सांडू द्यायचा नव्हता. त्याला वाटले, त्या लिहिणाऱ्यांतही कोणी कोणी असे दाराशी उभे राहिले असतील. आतल्या माणसाला एकदा पाठीवर घेऊन नदी ओलांडू द्यावी, एवढ्यासाठी त्यांनी दारावरच्या माणसाला भाऊ म्हणून सांगितले असेल. हे त्याला किम-सुआला सांगावेसे वाटले. मग किम-सुआला आता काही सांगता येणार नाही, हे आठवले.

दाराशी तीच बाई होती. "तुम्ही शेंगावाले ना?" ती म्हणाली. "त्यांचे कोण लागता?"

"भाऊ," सुई-तिक म्हणाला.

"मग आडनाव वेगळं कसं?" त्याचे ओळखपत्र बघत तिने विचारले.

 देवापुढे जे बोलून झाले होते, ते सुई-तिकच्या ओठांपर्यंत आले. पण ते बोलले तर दार बंद होईल, हे त्याला दिसत होते. तो म्हणाला, "मानलेला. शपथ घेतलेला भाऊ."

बाईने चुन-मिंगकडे पाहिले. चुन-मिंग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "घरचेच आहेत. जाऊ द्या."

किम-सुआ पलंगावर फार लहान दिसत होता. डोळे उघडे होते, पण ते छताकडे लागलेले. उजवे मनगट पट्ट्याने कठड्याला बांधलेले होते आणि पट्टा जेवढे हलू देईल तेवढ्यात ते फिरत होते. सुई-तिकने विचारल्याविना पट्टा सोडला. हात मोकळा झाला आणि नळीकडे न जाता हवेत काही तरी शोधू लागला. सुई-तिकने आपली मूठ त्याच्या तळव्यात दिली. किम-सुआने चरखीची मूठ धरावी तशी ती धरली आणि तो फिरवू लागला. सुई-तिकचा खांदा दुखत होता. तरी फिरवण्याबरोबर त्याचा सगळा हात गोल फिरत राहिला.

"मी ओवतो हं नवीन," तो म्हणाला. "तू कर सावकाश. देव थांबतात."

किम-सुआने त्याच्याकडे पाहिले नाही. ओळखले की नाही, हे सांगणे शक्य नाही, आणि सुई-तिकनेही पुढे कोणाला तसा दावा केला नाही. चुन-मिंग दाराच्या चौकटीत उभा होता. एकदा त्याने आत यायला पाऊल उचलले आणि पलंगाशेजारची खुर्ची एकच आहे हे पाहून तिथेच थांबला.

भेटीची वेळ संपल्याचे सांगायला परिचारिका आली. जाताना पट्टा पूर्वीसारखा बांधून ठेवा, असे तिने सांगितले आणि पुढच्या खोलीकडे वळली. सुई-तिकने चुन-मिंगकडे पाहिले. चुन-मिंगने मान खाली घातली. मग सुई-तिकने स्वतःच्याच हाताने ते मनगट कठड्याला बांधले. फिरवायला थोडी अधिक जागा राहील, इतके सैल. गाठ बसेपर्यंत किम-सुआची बोटे त्याच्या मुठीमागे येत राहिली.

परतीच्या वाटेवर त्याने काही मागितले नाही, कारण मागणार नाही असे तो बोलून चुकला होता. गावाच्या वेशीशी उतरताना चुन-मिंगने विचारले, तो तांबडा कागद आता काढणार का. सुई-तिक म्हणाला की, तीन संध्याकाळ कबूल केल्या आहेत, एक बाकी आहे. मग तो देवळाकडे चालू लागला. दिवस कलला होता, पडदा उभारायचा होता, आणि आजही काम एकट्यालाच करायचे होते.